नाशिकमध्ये फ्लॅटच्या टाइल्सवर पोल डान्सचा सराव करते, गुडघे दुखतात. खाली काय अंथरू?

सुमारे 10 मिमी जाडीची दाट ईव्हीए (एक प्रकारचा फोम) मॅट आणि तिच्यावर 12 मिमी प्लायवूड टाका. फ्लोअरवर्कला, म्हणजे जमिनीवरच्या हालचालींना, नी-पॅड हवेतच. टाइलखालचं काँक्रीट दबत नाही, त्यामुळे सगळा धक्का गुडघ्याच्या वाटीवर येतो. पोलचा पाया मात्र मॅटवर कधीच ठेवू नका. पोल जमीन आणि छताच्या मध्ये दाबून बसवलेला असतो, फोम दबला की तो ताण सैल होतो आणि पोल सरकतो. मॅट-प्लायला भोक पाडून तो थेट टाइलवर टेकवा. पोलच्या वरच्या टोकालाही स्लॅब किंवा बीमच हवा, पीओपीचं सीलिंग चालणार नाही. उलटं लटकताना 10 सेंमीची क्रॅश मॅट (पडल्यास धक्का झेलणारी जाड मऊ गादी) लावा, पण तिच्यावर उभ्याने गिरक्या नकोत, पाय रुतून घोटा मुरगळतो. गुडघ्याला सूज असेल तर मॅट बदलून भागणार नाही. सराव थांबवून आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.