त्या दोन एकरांत विहीर आहे, भाऊ

दारव्हा तालुक्यातल्या एका वडिलांचं चार पानी पत्र आलं आहे. घरची सहा एकर शेती, त्यातली दोन ओलिताची, चार कोरडवाहू. पत्नी अंगणवाडी सेविका, मुलगा दहावीत, मुलगी १३ वर्षांची. ती आठवड्यातून तीनदा एसटीनं यवतमाळला जाऊन रोलर स्केटिंगमधला नृत्याचा प्रकार शिकते. दोन उन्हाळे गुरुग्रामला बर्फाच्या रिंकवरही राहून आली. तिथल्या प्रशिक्षकांनी १६ वर्षांच्या एका मुलाशी तिची जोडी जमवली आणि आइस डान्ससाठी तिला कायमचं तिकडे ठेवा म्हणाले. खर्च वर्षाला ८ लाख, निदान चार वर्षं. ओलिताच्या दोन एकरांचे शेजारी २४ लाख देतो म्हणतो, इसाराची रक्कमही त्यानं तयार ठेवली आहे. वडील विचारतात, "विकू का?"

भाऊ, वावर विकू नका आणि इसारही घेऊ नका. मुलीचं स्केटिंग मात्र थांबवू नका. दोन्ही एकदम कसं जमेल, ते आता सांगतो.

तुमच्या पत्रातला एक परिच्छेद मी पुन्हा पुन्हा वाचला. जिनिंगचा हंगाम संपला की मालक तुमच्या लेकीला सिमेंटच्या अंगणात सराव करू देतात. आधी तिची आई खराट्यानं सगळं अंगण झाडते, कारण सरकीचा एक दाणा जरी चाकात अडकला तरी पोरगी तोंडावर पडते. ज्या घरात आई लेकीसाठी सरकी वेचते, तिथं 'हा कसला खेळ' असं म्हणायची माझी हिंमत नाही.

पण हिशोब कडक करू. ८ लाखांप्रमाणे चार वर्षांचे ३२ लाख होतात. वावराचे येतात २४. गाव नगरपालिकेच्या हद्दीपासून लांब असल्यानं या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर बहुधा लागणार नाही, म्हणजे रक्कम पुरी हातात येईल. तरी ती तीन वर्षांत संपते. तेव्हा मुलगी १६ वर्षांची असेल. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेनं २०२४-२५ च्या हंगामापासून वरिष्ठ गटाचं किमान वय १७ केलं आहे. म्हणजे खरी स्पर्धा सुरू व्हायच्या आधीच तुमची थैली रिकामी होते. मग चौथ्या वर्षी उरलेले चार एकर विकायची पाळी येते, आणि त्या टप्प्यावर 'इतकं घातलं, आता कशाला थांबायचं' असं मन सांगतं. ती पाळी येऊ द्यायची नाही, म्हणून आत्ताच थांबा.

वाचक म्हणतील, २४ लाख एफडीत ठेवले तर त्या दोन एकरांच्या उत्पन्नाहून जास्त व्याज येईल. खरं आहे. तुमच्याच आकड्यांनुसार ते वावर खर्च जाऊन १ लाख १० हजार देतं. पण तुम्ही एफडी करणार नाही, पैसा खर्चून टाकणार आहात. शिवाय पत्राच्या तिसऱ्या पानावर तुम्ही जाता जाता लिहिलंय की विहीर त्याच दोन एकरांत आहे आणि पाऊस ओढ देतो तेव्हा कोरडवाहूतल्या पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, तिथूनच एक-दोन पाणी देता. मग तुम्ही दोन एकर विकत नाही, सहाही एकरांचं पाणी विकता. आमच्या घरी हे झालंय. मोठ्या बहिणीच्या आजारपणात बाबांनी विहिरीचं वावर विकलं. पुढं किती तरी वर्षं ते धुऱ्यावर उभे राहून दुसऱ्याच्या मोटरीचा आवाज ऐकत असायचे. आजारपणाला इलाज नव्हता, तुमच्याकडे दुसरे मार्ग आहेत.

आणि जमीन वडिलोपार्जित असेल तर मुलीचाही तिच्यात जन्मानं हिस्सा आहे. महाराष्ट्रात हा हक्क १९९४ पासून आहे, देशभर २००५ पासून. तेव्हा तुम्ही तिच्यावर पैसा लावताना तिचा आणि तिच्या भावाचा हिस्साच खर्च करणार आहात. वकिलाला सातबारा दाखवल्याशिवाय पुढं पाऊल टाकूच नका.

आता खेळाकडे बघू. आइस डान्स हा जोडीचा खेळ. त्यात जोडीदाराला डोक्यावर उचलणं, हवेत फेकणं नाही. दोघांनी एकमेकांना चिकटून, पात्याच्या कडांवर तालात जायचं. पाय एकमेकांत अडकू नयेत म्हणून या प्रकारातलं पातं मागच्या बाजूनं आखूड असतं, इतकं ते जवळचं काम आहे. म्हणून यातलं खरं भांडवल म्हणजे जोडी, आणि जोडी म्हणजे बटईची शेती. अर्धं पीक दुसऱ्याच्या हातात. अमेरिकेचे मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट १९९७ मध्ये जोडीला आले आणि २०१४ ला सोचीच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण जिंकले. मध्ये १७ वर्षं गेली. कॅनडाच्या टेसा व्हर्च्यू आणि स्कॉट मॉयर यांची जोडीही १९९७ चीच, त्यांचं पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण २०१० चं. तुमच्या मुलीचा जोडीदार उद्या उंच झाला, दुखापत झाली, बारावीनंतर त्याच्या वडिलांनी त्याला इंजिनिअरिंगला घातलं, की तुमचे ८ लाख त्या वर्षापुरते गेले. यात कुणाचा दोष नसतो, तरी नुकसान होतंच.

ब्रिटनच्या टॉरव्हिल आणि डीन यांची गोष्ट मात्र तुम्ही लक्षात ठेवा. १९८४ मध्ये सारायेव्होला त्यांनी सुवर्ण जिंकलं. त्याआधी टॉरव्हिल विमा कंपनीत कारकून होत्या आणि डीन पोलिसात. त्यांच्या नॉटिंगहॅम शहराच्या कौन्सिलनं अनुदान दिलं, तेव्हा कुठं त्यांना पूर्णवेळ सराव करता आला. इतक्या मोठ्या जोडीचाही खर्च गावानं उचलला होता.

आपल्याकडे बर्फही बेभरवशाचा आहे. देहरादूनचा रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधला, मग अनेक वर्षं बंद पडला आणि २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाला. आइस डान्स ज्यात मोडतो त्या फिगर स्केटिंगमध्ये हिवाळी ऑलिम्पिकला भारताकडून आजवर कुणी उतरलेलं नाही. भारतासाठी खेळणारी तारा प्रसाद अमेरिकेत वाढली, तिथल्या बर्फावर तयार झाली. खेळ संपल्यावर शिकवायचं म्हटलं तरी रिंक हवेत, आणि ते बोटांवर मोजण्याइतके आहेत.

चाकांच्या बाजूला जमीन जरा घट्ट आहे. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत अनुपकुमार यामानं कलात्मक रोलर स्केटिंगमध्ये दोन कांस्यपदकं आणली, त्यातलं एक अवनी पांचाळसोबत जोडीत. २०१५ मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. कोणत्या स्पर्धेचं, कोणत्या गटातलं प्रमाणपत्र त्यात चालतं, हे जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडून आधी लेखी विचारून घ्या. म्हणून यवतमाळचा क्लास सोडू नका.

पैसा कुठून? शेतीचे १ लाख ९० हजार, वहिनींचं मानधन दीड लाख, घरखर्च २ लाख १० हजार. उरतात १ लाख ३० हजार. सुकन्या समृद्धी खात्याचे १२ हजार आणि मुलाच्या अकरावी-बारावीचे ४० हजार बाजूला काढले की ७८ हजार राहतात. त्यातले ७५ हजार हे स्केटिंगचं वर्षाचं कुंपण. यवतमाळचा क्लास, उन्हाळ्यात पाच-सहा आठवडे आणि दिवाळीत दोन आठवडे बर्फावर, तेवढ्याच काळात त्या मुलासोबत सराव. बूट वाढत्या पायाचे आहेत, नवे महागडे घेण्याआधी चांगले वापरलेले शोधा. बोंडअळीनं वर्ष खाल्लं तर त्या वर्षी बर्फ नाही, फक्त चाकं. पोस्टातले ६० हजार अडीअडचणीचे आहेत, तिकडे हात घालू नका.

जिल्हा बँकेचं १ लाख ६० हजारांचं पीककर्ज यात अजिबात वळवू नका. वेळेत फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ते बिनव्याजी पडतं, थकलं की ही सवलत जाते आणि पुढच्या पेरणीला माणूस सावकाराच्या ओट्यावर जातो. सुकन्याचे पैसे मिळतील का, असं विचारलंत. दहावी किंवा १८ वर्षांनंतर निम्मी रक्कम काढता येते, पण उच्च शिक्षणाच्या प्रवेशासाठी. रिंकची पावती तिथं चालत नाही. शैक्षणिक कर्जाचंही तेच.

प्रशिक्षकांना एक पत्र लिहा. ८ लाखांत काय काय येतं? बर्फाचे तास किती? शिकवणीची फी दोघांत वाटलेली आहे की प्रत्येकाची वेगळी? जोडी तुटली तर भरलेल्या पैशांचं काय? उत्तर कागदावर मागा. परदेशी शिबिराचं निघालं तर लक्षात ठेवा, शिक्षण-उपचाराशिवाय इतर कारणासाठी वर्षाला १० लाखांवर रक्कम पाठवली तर वरच्या भागावर २० टक्के टीसीएस, म्हणजे बँक सरकारसाठी आगाऊ घेते तो कर, आधी भरावा लागतो. तुमचं करपात्र उत्पन्न नाही, तरी तो परत मिळवायला विवरणपत्र भरावं लागेल.

माझं मत कधी बदलेल? ती १५ वर्षांची होईपर्यंत हीच जोडी टिकली, ज्युनिअर गटात देशाकडून खेळायला निवड झाली आणि निम्म्याहून जास्त खर्च एखादी कंपनी, संस्था किंवा सरकार उचलायला तयार झालं, तर उरलेल्यासाठी कोरडवाहू चार एकर मक्त्यानं द्यायचा विचार करू. तेव्हाही विहिरीचं वावर तुमच्याच नावावर राहील.

हे सगळं लेकीला समोर बसवून सांगा, आकडे दाखवून. १३ वर्षांची मुलगी हिशोब समजते. शेजाऱ्याला या आठवड्यातच नाही म्हणून कळवा, आणि उन्हाळ्याचं शिबिर संपलं की खर्चाची वही मला पाठवा, पुढचं वर्ष तिच्यावरून ठरवू.