तांब्यावर कोरलेला स्वतःचाच चेहरा

प्रश्न : माझी मुलगी ॲमस्टरडॅमला शिकायला आहे. तिने राइक्सम्युझियमच्या संग्रहातल्या एका जुन्या प्रिंटचा फोटो पाठवला, १६४० सालची, ॲना मारिया फान शुरमान नावाच्या बाईने केलेलं स्वतःचंच चित्र. म्हणते आई नीट बघ, किती भारी आहे. मी बघितलं, पण रंग नाही काही नाही, आणि प्रिंट म्हणजे शेवटी कॉपीच ना? यात बघायचं तरी काय?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, आधी ते कॉपीचं डोक्यातून काढून टाका. मूळ चित्र कुठेतरी भिंतीवर आहे आणि ही त्याची नक्कल, असं इथे नाहीये, चित्र थेट तांब्याच्या पत्र्यावरच कोरतात. टोकदार पोलादी हत्यार तळहाताने पुढे रेटत एकेक रेघ काढायची, वळण हवं असेल तर पत्राच फिरवायचा, मग रेघांत शाई भरायची, वरची पुसून टाकायची आणि ओलसर कागद ठेवून प्रेसमधून काढायचं, की रेघेत बसलेली शाई कागदावर उतरते. आणि सगळं उलटं उमटतं बरं का! म्हणजे चित्राखालच्या लॅटिन ओळी पत्र्यावर उलट्या अक्षरांत कोराव्या लागतात. एक रेघ चुकली तर खोडरबर नाही.

आता फोटो झूम करा. सावली शाई फासून केलेली नाही, रेघा दाट झाल्या की अंधार, विरळ झाल्या की उजेड, आणि जिथे लख्ख उजेड तिथे नुसता कोरा कागद. गालावरच्या रेघा कशा जातात, केसांच्या कशा, कपड्याच्या कशा, हे सावकाश बघा, दहा मिनिटं द्या, रंग नाही हे विसरून जाल.

आणि मग ती बाई कोण ते आठवा. जन्म १६०७चा, जर्मनीतल्या कोलोनचा, आयुष्यातली बरीच वर्षं नेदरलँड्समधल्या उट्रेख्तला गेली. १६३६ला तिथे विद्यापीठ सुरू झालं तेव्हा त्या प्रसंगासाठी हिने लॅटिन कविता लिहिली आणि बायकांना इथे जागा नाही ही तक्रारही त्यातच सुनावली. पुढे तिला लेक्चरला बसू दिलं, पण आडोशामागे, पोरांना दिसू नये म्हणून. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं होतं. ग्रीक, हिब्रू, अरबी येणारी बाई, आणि ती पडद्याआड!

म्हणून मला या चित्राचं इतकं अप्रूप आहे. विद्यापीठ सुरू झाल्यावर चारच वर्षांनी तिने आपला चेहरा स्वतःच्या हाताने तांब्यात कोरला, आणि पत्र्यावरून तर कितीतरी प्रती निघतात, चिठ्ठीपत्रीबरोबर कुठल्या कुठे जातात. खालच्या ओळींचा अर्थ साधारण असा, की माझा चेहरा या चित्रात बघताय, कलेला रूप देता आलं नसेल तर ते तुमची मर्जी देईल. कुणी याला विनय म्हणेल, मला तर ते बघणाऱ्याला समोर बसवून घेणं वाटतं. पुढच्याच वर्षी, १६४१ला, बायकांनी विद्या शिकावी का यावर तिचं लॅटिन पुस्तक निघालं, आणि उत्तर अर्थातच हो.

मुलीला सांगा, जमलं तर प्रत्यक्ष कागद बघायचा प्रयत्न कर, असे कागद उजेडाने खराब होतात म्हणून कायम बाहेर लावलेले नसतात. कडा कापलेल्या नसतील तर चित्राभोवती पत्र्याचा दबलेला ठसा दिसेल. त्याचाही एक फोटो मागवा तिच्याकडून.