‘सी’ची कावीळ आणि पोटातलं बाळ

प्रश्न : डॉक्टर मॅडम, मला पाचवा महिना आहे. नाव नोंदवताना केलेल्या रक्ततपासणीत ‘अँटी-एचसीव्ही रिॲक्टिव्ह’ आलं. त्रास काहीच नाही. लहानपणी मांडीचं हाड मोडलं तेव्हा रक्त चढवलं होतं. रिपोर्ट आल्यापासून सासूबाईंनी माझं ताट-तांब्या वेगळा काढलाय. जाऊबाई म्हणतात, सिझेरियनच करावं लागेल आणि बाळाला अंगावर पाजायचं नाही. औषध लगेच सुरू करू का?
– एक वाचक, जि. सांगली

उत्तर : आधी ते ताट पुन्हा सगळ्यांच्या ताटांत ठेवा. हिपॅटायटिस सी, म्हणजे एचसीव्ही विषाणूमुळे होणारी ‘सी’ची कावीळ, रक्तातून पसरतो. एकत्र जेवल्यानं, एका तांब्यातलं पाणी प्यायल्यानं नाही. हे उत्तर सासूबाईंना वाचून दाखवा. पोटुशी बाईला घरात वेगळं बसवलेलं मला सहन होत नाही. ब्लेड, नेलकटर, टूथब्रश तेवढे स्वतंत्र ठेवा.

तुमची तपासणी अजून अर्धीच झाली आहे. रिॲक्टिव्ह म्हणजे विषाणू कधीतरी शरीरात शिरला होता, एवढंच. काही जणांचं शरीर तो आपोआप घालवतं, पण त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) रक्तात राहतात. विषाणू आज आहे का, हे ‘एचसीव्ही आरएनए’ तपासणी सांगते. ती या आठवड्यातच करा. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात हिपॅटायटिसच्या तपासण्या आणि औषधं मोफत मिळतात. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये चौकशी करा. सोबत यकृताच्या तपासण्याही होतील.

आरएनए निगेटिव्ह आलं, तर बाळाला तुमच्याकडून धोका नाही. पॉझिटिव्ह आलं, तर शंभरातल्या पाच-सहा बाळांना लागण होते. आईला एचआयव्हीही असेल तर हे प्रमाण वाढतं, म्हणून तो रिपोर्टही पाहून घ्या. सिझेरियननं हा धोका कमी होत नाही. केवळ या कारणासाठी पोट उघडू देऊ नका. बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांना मात्र रिपोर्ट आधीच दाखवा, म्हणजे बाळाचे ठोके मोजायला त्याच्या डोक्याला सुई-इलेक्ट्रोड लावणं ते टाळतील.

अंगावर जरूर पाजा. स्तनाग्राला चीर पडून रक्त येत असेल, तर ती भरेपर्यंत त्या बाजूचं दूध पिळून टाकून द्या.

औषधाची घाई नको. सोफोसबुवीरसारख्या गोळ्यांनी साधारण १२ आठवड्यांत शंभरातले ९५हून अधिक रुग्ण बरे होतात, पण गरोदरपणात त्या सहसा देत नाहीत. बाळंतपणानंतर कधी सुरू करायच्या ते पोटविकारतज्ज्ञ ठरवतील. रिबाव्हिरिन हे याच आजारावरचं दुसरं औषध मात्र गरोदरपणात कोणी दिलं तरी घेऊ नका; त्यानं गर्भाला इजा होते.

बाळाची प्रतिपिंडांची तपासणी दीड वर्षानंतरच करा. त्याआधी तुमचीच प्रतिपिंडं त्याच्या रक्तात सापडतात आणि घरात उगाच रडारड होते. लवकर कळायला हवं असेल, तर दोन महिन्यांनंतर बाळाचंही आरएनए करता येतं. लागण निघालीच, तर तीन वर्षांनंतर मुलांनाही औषध देता येतं.

आणि हिपॅटायटिस बीचा रिपोर्ट पाहिला का? ‘सी’वर लस नाही, ‘बी’वर आहे. तिचा पहिला डोस बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत मिळायला हवा.