पिंजऱ्यात कापूस टाकू का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की लेकीच्या हट्टापायी नागपूरहून एक हॅमस्टर आणि सशाची जोडी घरी आली, दुकानदाराने दिलेली भुशाची पिशवी आठवड्यात संपली, आणि आता घरात कापूस पडलाय, गोठ्यात कुटार (मळणीतून उरलेला चुरा) आहे, गावात लाकूड कापायची आरामशीन आहे, तर यातलं काय अंथरू?

कापूस टाकू नका. बाकीचं निवांत सांगतो, पण आधीच टाकला असेल तर वाचणं थांबवून तो काढून या.

मी वर्धा जिल्ह्यातला. घरी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, त्यामुळे मलाही तुमच्यासारखंच वाटलं होतं. सीतादही (वेचणीआधीची शेतातली पूजा) होऊन पहिला वेचा घरात आलेला, पुतण्याच्या हॅमस्टरला थंडी वाजत असेल म्हणून मूठभर कापूस सरकी काढून, हाताने पिंजून घातला. आई म्हणालीही, "काहून टाकतं बाप्पा त्याच्यात? गादी भरतं का त्याची?" हॅमस्टरने मात्र अर्ध्या तासात गोल घरटं केलं, आम्ही खूश. पाचव्या दिवशी तो लंगडताना दिसला. मागच्या पायाला केसाएवढा बारीक पीळ बसला होता, इतका घट्ट की त्याखालचा पंजा जांभळा पडून फुगला होता. नखं कापायच्या कात्रीने धागा तोडायला दोघं लागलो, एकाने टॉवेलात धरायचं, दुसऱ्याने कापायचं. त्यात त्याने माझं बोट फोडलं ते वेगळंच. धागा निघाला, पण पंजा वाळला आणि काही दिवसांनी गळून पडला. नंतर तो साडेतीन पायांवर वर्षभर जगला, पण ती चूक माझी होती.

कापसाचा तंतू लांब असतो, तुटत नाही आणि पचत नाही. हॅमस्टर सापडेल ते गालाच्या पिशव्यांत कोंबतो, तिथे कापूस चिकटून बसतो, आणि पोटात गेला तर आतड्यात गोळा होतो. दुकानात 'हॅमस्टर कॉटन' म्हणून रंगीत मऊ पुंजके विकतात तेही त्याच जातीचे. सुती चिंध्या, लोकर, बारदान्याचे सुटे धागे, सगळे एका माळेचे मणी. सशाजवळ तर सरकीही पडू देऊ नका. सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं. गाई-म्हशींच्या पोटात ते बरंचसं निष्प्रभ होतं म्हणून सरकीची ढेप त्यांना चालते, सशाला ती सोय नाही.

आता आरामशीन. तिथला भुसा म्हणजे निव्वळ धूळ, आणि या जनावरांचं नाक दिवसरात्र जमिनीपासून बोटभर उंचीवर. शिवाय तो कोणत्या लाकडाचा हे मशीनवाल्यालाही सांगता येत नाही. आपल्याकडे सागवान जास्त, आणि सागाच्या भुशाने सुतारांच्या हातांनासुद्धा खाज सुटते. सुताराकडच्या रंध्याच्या कुरळ्या ढलप्या त्या मानाने बऱ्या दिसतात, पण त्या देवदारी खोक्याच्या असतील तर नको. देवदार, चीड या लाकडांचा जो वास आपल्याला छान वाटतो तोच त्रासदायक. त्यातली उडणारी द्रव्यं श्वासावाटे जाऊन यकृतावर ताण आणतात, हे प्रयोगशाळेतल्या उंदरांवर दिसलेलं आहे. परदेशात त्यासाठी ॲस्पेन नावाच्या बिनवासाच्या लाकडाच्या ढलप्या वापरतात. ऑनलाइन मिळतात, पण खेड्यात कुरियर येईपर्यंत आणि किंमत बघेपर्यंत माणूस कागदाकडे वळतो. प्लायवूडचा भुसा डिंकामुळे बाद. हो, आणि कूलरमधलं लाकडी गवत. उन्हाळा संपला की ते उकिरड्यावर जातं, तेव्हा कोणाला तरी ही कल्पना सुचतेच. लांब गुंतणाऱ्या काड्या, वर क्षार आणि बुरशी. उकिरड्यावरच जाऊ द्या.

कुटाराबद्दल तुम्ही मुद्दाम विचारलंय. सोयाबीनचं कुटार थ्रेशरमधून निघतं तेव्हा त्यात माती, धूळ आणि शेंगांची टोकदार टरफलं असतात. मूठभर घेऊन उन्हाच्या कवडशात झटकून बघा, किती उडतं ते. शिवाय त्यावर काय काय फवारलं होतं ते तुम्हालाच ठाऊक. यवतमाळ जिल्ह्यात 2017 मध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकरी गेले, तेव्हापासून मी तरी शेतातून आलेलं काहीही लहान जिवाला देताना दोनदा विचार करतो. धानाचं तूस कोंबड्यांच्या शेडला ठीक, सशाच्या पायांना खरबरीत आणि धुळकट. गव्हांडा, म्हणजे गव्हाचं कुटार, मात्र चालतो, स्वच्छ, कोरडा आणि फार बारीक न झालेला असेल तर. भंडारा-गोंदियाकडे कोणी नातेवाईक असतील तर धानाचं तणस, म्हणजे पेंढा, मागवा, सशाला ते उत्तम. पावसात भिजलेल्या गंजीतलं नको. मुठीत घेऊन वास घ्या, कुबट आला किंवा काळे-पांढरे ठिपके दिसले की ढोरांनाही देऊ नका.

सगळ्यांत चांगलं अंथरूण तुमच्या धुऱ्यावर उभं असतं. पोळ्यानंतर कापून सावलीत सुकवलेलं मारवेलसारखं मऊ गवत ससा खातोही आणि त्यावर बसतोही. खाण्यातला मोठा वाटा गवताचाच असायला हवा, नाहीतर दात वाढत जातात आणि पोट बंद पडतं. दोन गोष्टी बघा. धुऱ्यावर तणनाशक मारलेलं नसावं, आणि गवतात कुसळी नसावी. कुसळीची कुसळं आपल्या धोतराला, पायजम्याला कशी टोचून बसतात ते माहीतच आहे. तीच हॅमस्टरच्या गालात आणि सशाच्या डोळ्यात शिरतात. गाजरगवत तर अर्थातच नाही.

हॅमस्टरसाठी मी कागदावर येऊन थांबलो. मी शाळेत शिकवतो, त्यामुळे जुन्या वह्यांना तोटा नाही. न लिहिलेली पानं बोटभर रुंदीच्या पट्ट्यांत फाडायची, स्टेपलची पिन एकूण एक काढायची (एक राहिली होती, गालाच्या पिशवीतून बाहेर आली तेव्हा पोटात धस्स झालं), आणि त्यात तिसरा हिस्सा सुकं गवत मिसळायचं. नुसत्या कागदात बोगदा ढासळतो, गवताने तो उभा राहतो. घरट्यासाठी बिनवासाचा टिश्यू पेपर फाडून द्यायचा, थंडीत जरा जास्त. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा 10 अंशांच्या खाली जातो तेव्हा हॅमस्टर कधी कधी गार पडून निपचित होतो आणि लोक त्याला मेला समजतात. आधी खोली उबदार करून तासभर वाट बघा. वर्तमानपत्राची पानं सशाच्या गवताखाली चालतात. चकचकीत पुरवण्या आणि लग्नपत्रिका नकोत.

जाडीत कंजुषी करू नका. 2006 साली स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी हॅमस्टरना 10, 40 आणि 80 सेंटिमीटर थरावर ठेवून पाहिलं. 10 वाले सगळ्यांत जास्त तारा कुरतडत बसले. हा प्राणी मुळात सीरियाकडच्या कोरड्या मुलखात बीळ खोदून राहणारा. दुकानात मिळणाऱ्या पिंजऱ्याला दोन बोटं उंचीचा ट्रे असतो, त्यात काय खोदणार? घरातला मोठा प्लास्टिकचा टब घ्या, झाकणाला चौकोन कापून जाळी बसवा आणि निदान वीतभर थर भरा. जितका जास्त तितकं बरं. तो एकाच कोपऱ्यात लघवी करतो, रोज तेवढाच ओला भाग उचला. सगळं एकदम बदललं तर स्वतःचा वास गेल्यामुळे तो बावरतो, म्हणून महिन्याभराने बदलतानाही दोन मुठी जुनं राहू द्यायचं.

सशाचं उलट आहे, त्याला खोल थर नको, कोरडेपणा हवा. जाळीच्या तळावर ठेवलं असेल तर आजच त्यावर फळी किंवा बिनरंगाची शिंदीची चटई टाका. सशाच्या तळपायाला कुत्र्यासारखी गादी नसते, नुसते केस असतात, ते झिजले की टाचेला फोड येतात. कोपऱ्यात एक घमेलं ठेवा, तळाला वर्तमानपत्र, वर गवत, आणि खायचं गवत घमेल्याच्या वरच्या बाजूला टांगा. ससा खाता खाताच लेंड्या टाकतो, त्यामुळे दहा दिवसांत सवय लागते. पांढऱ्या कागदावर लालसर लघवी दिसली तर घाबरू नका, बऱ्याच सशांना अधूनमधून तशी होते. जोर करून थेंब थेंब येत असेल तर मात्र डॉक्टर गाठा. घमेल्याला पांढरा थर बसतो तो लघवीतल्या कॅल्शियमचा, व्हिनेगरने निघतो. फिनाईल आणि डांबराच्या गोळ्या जवळपासही नकोत.

पावसाळ्यात रोज संध्याकाळी सशाची मागची बाजू उलटी करून बघा. ओल्या, घाण अंथरुणावर बसणाऱ्या सशाच्या केसांत माशी अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या पडतात, ढोराच्या जखमेत पडतात तशाच. उन्हाळ्यात जाड गवत काढून शहाबादी फरशीचा तुकडा ठेवा. पारा तिशीपुढे गेला की ससा धापा टाकतो आणि आपल्याकडे तर पंचेचाळीस. ओला बारदाना पिंजऱ्याच्या बाहेरून टांगा, आत टाकू नका.

आणि जोडी म्हणालात, ती नर-मादीची आहे का ते दुकानदाराच्या शब्दावर न राहता पशुवैद्याकडून बघून घ्या. मादी गवत तोंडात धरून एका कोपऱ्यात नेऊ लागली आणि छातीचे केस उपटू लागली, तर पिल्लं उंबरठ्यावर आहेत. गाभण काळ साधारण 31 दिवसांचा. नराला वेगळं ठेवा, एक लाकडी खोकं आणि भरपूर मऊ गवत द्या, आणि तिने स्वतःच्या केसांचं केलेलं अंथरूण मात्र बदलू नका.