एसटीतली सवलत शहर बसमध्ये का नाही?

प्रश्न : मी कळंब्याहून रोज राजारामपुरीत शिवणकामाला जाते. गावी जाताना एसटीत अर्धं तिकीट लागतं. ती सवलत केएमटीच्या शहर बसमध्ये का चालत नाही?
– एक वाचक भगिनी, कोल्हापूर

उत्तर : ताई, एसटी राज्याचं महामंडळ. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट मिळतं, त्याची भरपाई राज्य सरकार महामंडळाला देतं. केएमटी महापालिकेची. तिथं अशी सवलत द्यायची तर पैसे कुणी भरायचे, हे आधी ठरायला हवं.

निपाणीपलीकडचं बघा. बेळगावातली शहर बससुद्धा तिथलं राज्य महामंडळच चालवतं. त्यामुळे जून २०२३ मध्ये कर्नाटकानं तिथल्या महिलांचा प्रवास मोफत केला, तो शहरातही आपोआप लागू झाला.

माझी आई गंगावेशीत बसची वाट बघत रुमालाची गाठ सोडून नाणी मोजायची. पुरली नाहीत की चालत निघायची, हातात भाजीची पिशवी. म्हणून मला ही सवलत चैनीची वाटत नाही. राज्यानं शहर बसचीही भरपाई द्यावी, असं माझं ठाम मत आहे.

ई-बसवर मात्र विसंबू नका. केंद्रानं ऑगस्ट २०२३ मध्ये देशभरासाठी १०,००० बसची योजना मंजूर केली. त्यातली मदत बस चालवण्यासाठी आहे, तिकीट सवलतीसाठी नाही.

तुमच्याबरोबर कामाला जाणाऱ्या बायकांच्या सह्या घ्या. अर्ज आमदारांना द्या आणि एक प्रत महापालिकेत. पोच घ्यायला विसरू नका.