१२ माणसांची कंपनी ६० वर गेली, मी आधीसारखाच राबतोय तरी कामं अडतात. चुकतंय कुठे?

तुम्ही लिहिलंय की आधी सगळं सुरळीत चालायचं, आता सकाळी आठपासून फॅक्टरीत उभे असता तरी डिस्पॅच लेट होतो, माणसं बदलू का म्हणून विचारताय. माणसं राहू द्या हो, आधी सह्या किती करता ते मोजा.

मी भोसरीला एका मशीन शॉपमध्ये प्रॉडक्शन बघतो. आमच्याकडे साधा कार्बाइड इन्सर्ट, म्हणजे मशीनमध्ये बसवायचं कटिंगचं पातं, मागवायचा तरी पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) सरांची, म्हणजे आमच्या मालकांची सही लागायची, आणि सर गेलेत चाकणला कस्टमरकडे, मग व्हीएमसी मशीन बंद, ऑपरेटर मोबाईल बघत बसलेला, आणि सुपरवायझर फोनवर फोन लावतोय. दहा माणसं होती तेव्हा हीच पद्धत बरोबर होती, कारण सरांना प्रत्येक रेट आणि प्रत्येक ड्रॉइंग तोंडपाठ होतं, कोणालाही विचारण्यापेक्षा त्यांना विचारलेलं लवकर व्हायचं. मॅनेजमेंटचे अभ्यासक लॅरी ग्रायनरनी १९७२ मध्ये हेच मांडलं होतं, ज्या पद्धतीमुळे कंपनी वाढते तीच पुढच्या टप्प्यावर अडचण होते. गुगलचं बघा ना, सुरुवातीच्या वर्षांत त्यांनी इंजिनिअरिंग मॅनेजरच काढून टाकले, तर खर्चाची बिलं आणि माणसामाणसांतली भांडणं थेट सहसंस्थापक लॅरी पेजकडे यायला लागली, काही महिन्यांत गुंडाळलं ते.

आमच्याकडे मग दहा हजारापर्यंतची खरेदी सुपरवायझरवर सोडली. पण खरी गंमत पुढे आहे. सर रोज संध्याकाळी विचारायचे, "हे कशाला घेतलं? त्या दुसऱ्याकडे स्वस्त मिळालं असतं." झालं, आठवड्याभरात सुपरवायझर परत प्रत्येक गोष्ट विचारून करायला लागला, म्हणजे लिमिट कागदावर आणि सही सरांचीच. शेवटी ठरलं की हिशोब महिन्यातून एकदाच बघायचा, मधे ब्र काढायचा नाही. सरांना हे जाम जड गेलं, पण सुटलो आम्ही.

आणि एक, घाईघाईत मोठ्या कंपनीतला जीएम (जनरल मॅनेजर) आणून बसवू नका. ६० माणसांत तो आधी फॉरमॅट बनवतो, मग फॉरमॅट भरायला माणूस मागतो. त्यापेक्षा तुमच्याच दोन जुन्या माणसांना अधिकार द्या, पगारासकट, नुसता हुद्दा नको.

उलटंही करावं लागतं बरं का. २०२० च्या लॉकडाऊननंतर सरांनी पेमेंट सगळं परत स्वतःकडे घेतलं, कोणाचे पैसे आज द्यायचे आणि कोणाला थांबवायचं हे रोज तेच ठरवायचे, आणि ते योग्यच होतं, ऑर्डर रुळावर आल्यावर सोडलं परत.

तुमचं लिमिट किती ठेवायचं हे मी इथून सांगू शकत नाही. मागच्या तीन महिन्यांची खरेदीची बिलं काढा, रकमेप्रमाणे लावा, वरची मोजकी मोठी बिलं तुमच्याकडे ठेवा, खालची सगळी सोडा. बँकेच्या सह्या आणि सुपरवायझरच्या वरची भरती मात्र अजून दोनेक वर्षं तरी हातातून सोडू नका.