ओटीपी विचारायला तरी फोन येतो

प्रिय ताई,

मी कोल्हापूरला शिवाजी पेठेत राहते. वय 50. मिस्टर शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत सुपरवायझर आहेत, धाकटा बारावीला आहे. थोरली लेक 24 वर्षांची, तीन वर्षं झाली पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला आहे. आम्ही स्वतः बघून दिलेल्या लेडीज पीजीमध्ये ती राहायची. मालकीणबाई चांगल्या होत्या, रात्री दहाला दार बंद म्हणजे बंद. यंदा जूनमध्ये तिनं ते सोडलं आणि दोन मैत्रिणींबरोबर भाड्यानं फ्लॅट घेतला. आम्हाला आधी एका शब्दानं सांगितलं नाही. पूर्वी रोज रात्री फोन करायची, आता चार-चार दिवस करत नाही. आपण केला तर 'आई, मीटिंगमध्ये आहे' म्हणते. तिच्या आधारला माझा मोबाईल नंबर आहे, त्यामुळं ओटीपी विचारायला तरी फोन येतो, तेवढंच बोलणं होतं, जेवलीस काय वगैरे विचारून घेते. फ्लॅटचं पण तसंच कळलं, मला राग आला, आकडा लगेच सांगितला नाही, तिला परत मागवावा लागला. आषाढात टेंबलाईच्या जत्रेलाही आली नाही. दर शनिवारी ट्रॅव्हल्सनं डबा पाठवते, तर 'एवढं पाठवू नकोस, वाया जातं' म्हणाली. मिस्टर काहीच बोलत नाहीत. परक्या शहरात तिला कोण बघणार? आमचं काय चुकलं? तिला कसं समजावून सांगू?

— एक आई

ताई, तुमचं पत्र बरंच मोठं होतं, वर थोडक्यात छापलंय. पीजीबद्दल तुम्ही दीड पान लिहिलंय, जत्रेबद्दल अर्धं. ओटीपीबद्दल फक्त दोन ओळी, त्याही जाता जाता. मी त्या दोन ओळींवरच बोलणार आहे. 'आमचं काय चुकलं' याचं उत्तर तिथंच आहे.

तो प्रसंग एकदा तिच्या जागी उभं राहून बघा. घर दाखवणारा एजंट समोर बसलाय, घरमालकाला आधारची प्रत हवी आहे, मैत्रिणींचे कागद देऊन झालेत. ती मोबाईलवर आधार उतरवून घ्यायला जाते, आणि आकडा जातो शिवाजी पेठेत, तुमच्या फोनवर. त्या आकड्याचं आयुष्य दहा मिनिटांचं. ती फोन लावते. 'आई, मेसेज आला काय गं?' 'आलाय. जेवलीस काय?' 'हो. सांग की.' 'कुठं आहेस? मागं कोण बोलतंय? ऑफिस नाही काय आज?' एजंट तिच्याकडे बघतोय. ज्या उत्तरानं फोन लवकर संपेल ते उत्तर ती देते. 'हो, जेवले' हे खरं असेलच असं नाही, आणि असं बोलायला तिला तुम्हीच शिकवलंय.

याला तुम्ही 'तेवढंच बोलणं' म्हणता. मी याला टोलनाका म्हणेन. टोलची चीड काय असते हे कोल्हापूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. अख्खं शहर रस्त्यावर उतरलं, वर्षानुवर्षं चिकाटीनं लढलं आणि नाके उठवूनच गप्प बसलं. आपल्याच गावात ये-जा करायची तर पैसे का मोजायचे, एवढाच प्रश्न होता. तुमची लेक तेव्हा शाळेत होती, हे सगळं तिच्या डोळ्यांसमोर घडलंय. आज तिला तिच्याच नावाचा कागद काढायला तुमच्या नाक्यावर थांबावं लागतं. पैशांच्या जागी उत्तरं द्यावी लागतात, एवढाच फरक.

आणि त्या दिवशी तर तुम्ही नाकाच बंद केलात. राग आला होता, हे मला कळतं. पण 24 वर्षांच्या, स्वतःच्या पगारावर जगणाऱ्या मुलीचा कागद तुम्ही रागापायी अडवलात, चार परक्या माणसांदेखत तिला ताटकळत ठेवलंत. पत्रात हे तुम्ही अशा सहजपणे लिहिलंय, जणू कुकरची एखादी शिट्टी जास्त झाली. हे मला आवडलेलं नाही आणि ते गोड करून सांगायची माझी तयारी नाही.

तिनं आधी का सांगितलं नाही, हे आता वेगळं विचारायची गरज उरते काय? आधी सांगितलं असतं तर आकडा मिळाला असता की नाही, याची तिला खात्री नव्हती. ज्याच्या हातात किल्ली असते त्याला माणूस सगळ्यात शेवटी सांगतो, आणि तेही सांगितल्याशिवाय भागतच नाही तेव्हा. तुमच्या लेकीनं नेमकं तेच केलं. यात तुमच्यावरचं तिचं प्रेम कुठं कमी झालेलं मला दिसत नाही. तिचा विश्वास मात्र कमी झालाय, आणि तो कशामुळं झाला हे तुम्ही स्वतःच लिहून पाठवलंय.

तुमचा नंबर तिथं गेला कसा, याचा मी अंदाज करू शकते. आधार कार्डं 2010 च्या अखेरीपासून निघायला लागली. म्हणजे तिचं काढलं तेव्हा ती शाळेत असणार. रांगेत तुम्हीच उभ्या राहिला असाल. काचेवर तिची बोटं नीट टेकत नव्हती म्हणून वरून तुम्हीच दाबली असतील. समोरच्यानं मोबाईल नंबर विचारला, तुम्ही तुमचा सांगितला. दुसरा कुणाचा सांगणार? तिला मोबाईल कुठं होता. तेव्हा ते बरोबरच होतं, त्याबद्दल मनाला काही लावून घेऊ नका. मूल पंधरा वर्षांचं झालं की त्याचे ठसे आधारसाठी नव्यानं द्यावे लागतात, कारण वाढत्या वयात हात बदलतात. तिचेही तुम्ही दिले असतील. ठसे तिचे नवे लागले, नंबर तुमचा जुनाच राहिला. अठरावं सरलं तरी राहिला. तोवर विसरणं समजू शकते.

मागच्या तीन वर्षांचं मात्र मी विसरणं मानत नाही. ओटीपीसाठी तिचा फोन आला त्या प्रत्येक वेळी हे तुम्हाला आठवलं असणार, आणि प्रत्येक वेळी तुम्ही ते पुढं ढकललंत. नंबर बदलला की फोन यायचं हमखास कारण संपेल, ही धास्ती तुमच्या मनात आहे. ताई, ही धास्ती लहान नाही. जिच्या वेण्या घातल्या ती लेक चार दिवस बोलली नाही की जेवणावरची वासना उडते, मोबाईल पदराला पुसून पुन्हा पुन्हा बघितला जातो, रेंज आहे की नाही ते तपासलं जातं. हे मी जाणते. पण ती धास्ती तुमची आहे. तिची कामं अडवून ती भागवायची नाही.

कामं म्हणजे किती, तेही बघा. इन्कम टॅक्सचं रिटर्न भरून झालं की त्याच्या पडताळणीला आधारचा ओटीपी चालतो. पीएफचं ऑनलाइन काम असो, डिजिलॉकर असो, फिरून फिरून आकडा त्याच नंबरवर जातो. तुम्ही अंबाबाईला गेलात, मोबाईल घरी राहिला, की तिकडं तिचं काम ठप्प. शिवाय फोनवर आकडा वाचून दाखवायची तुम्हाला जी सवय लागलीय ती तुमच्या दोघींच्याही मुळावर येईल. हा आकडा कुणालाही सांगू नका, असं बजावलेलं असतं ते उगाच नाही. उद्या एखादा भामटा 'तुमच्या मुलीच्या कंपनीतून बोलतोय' म्हणाला, तर काळजीच्या भरात तुम्ही त्यालाही सांगून बसाल.

आता 'परक्या शहरात तिला कोण बघणार'. ताई, हा प्रश्न निदान कोल्हापुरात बसून विचारू नका. दसरा चौकातून तुम्ही कितीदा गेला असाल, तिथल्या बोर्डिंगांच्या पाट्या वाचल्या असतील. शाहू महाराजांनी 1901 मध्ये मराठा बोर्डिंग काढलं, त्याच्या मागोमाग जैन, लिंगायत, मुस्लिम, मिस क्लार्क अशी बोर्डिंगं उभी राहिली. दुसऱ्यांची लेकरं सांभाळून हे शहर मोठं झालंय. खेड्यापाड्यांतली पोरं इथं येऊन राहिली आणि शिकली, त्यांच्या आयांना तर कोल्हापूरच परकं होतं. खुद्द महाराजांना 1885 मध्ये राजकोटला शिकायला पाठवलं, तेव्हा ते अकरा वर्षांचे होते. तुमची लेक 24 ची आहे आणि सोबत दोन मैत्रिणी आहेत. दहाला बंद होणारं दार नव्यानं आलेल्या मुलीला आधाराचं वाटतं, उशिरा काम संपवून येणाऱ्या बाईला ते जाचतं. तिनं पीजी सोडलं ते योग्यच केलं.

बाकीच्या तक्रारी मला तक्रारी वाटतच नाहीत. टेंबलाईची जत्रा आषाढातल्या मंगळवारी आणि शुक्रवारी असते, तिला सुट्टी नसणार. डबा वाया जातो असं ती म्हणाली, तर तो वाया जातो. तिनं तुम्हाला सरळ सांगितलेली ही एक गोष्ट आहे, निदान ती तरी धरून चाला आणि शनिवारचा डबा थांबवा. कांदा-लसूण चटणी संपली की ती स्वतः मागेल. मिस्टर बोलत नाहीत म्हणता, पण तिचा त्यांना फोन येतो की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही. येत असेल तर त्यांच्या आडून चौकशा करू नका. ती एक वाट तरी मोकळी राहू दे.

तिला कसं समजावू, असं विचारलंत. समजावायचं काही नाही. एकच काम करा आणि ते आजच करा. तिला मेसेज पाठवा: 'आधारला तुझा नंबर लावून घे. पुण्यात आधार केंद्रात जाऊन ठसा दिलास की होतं, कागदपत्रं लागत नाहीत. त्या दिवशी मी ओटीपी अडवला, ते चुकलं.' एवढ्यावर थांबा. खाली 'काळजी घे' नको, 'घरी कधी येणार' नको, जेवलीस काय तर अजिबात नको. आईनं चूक कबूल केलेली तिला निवांत वाचू द्या, त्याला लगेच दुसरी मागणी चिकटवू नका. उत्तर आलं नाही तर दुसरा मेसेज करू नका. निळ्या खुणा बघत बसू नका.

यानंतर फोन कमी होतील. हे मी तुमच्यापासून लपवत नाही. पंधरा दिवस जातील, कदाचित महिनाही जाईल. ते दिवस जड जातील आणि त्यावर माझ्याकडं दुसरा उपाय नाही. पण त्यानंतर जो फोन येईल तो तिला तुमच्याशी बोलावंसं वाटलं म्हणून आलेला असेल. तसा फोन तुम्हाला बरेच दिवसांत आलेला नाही. तो आला की प्रश्नांची सरबत्ती लावू नका. तुमच्याकडचं सांगा. राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर गेलंय, 39 ची इशारा पातळी ओलांडली काय, धाकटा क्लास बुडवून कुठं उंडारायला गेला होता, शेजारच्यांशी पार्किंगवरनं काय झालं. पावसाळ्यात कोल्हापूरचं माणूस कुठंही असलं तरी पंचगंगेचं पाणी विचारतंच. तिचं ती सांगेल, तिला हवं तेवढं, आणि तेवढ्यावर तुम्ही थांबायचं.

नंबर बदलेपर्यंत मधे ओटीपीसाठी फोन आलाच, तर तिचा आवाज ओळखा, पहिल्याच वाक्यात आकडा सांगा आणि 'ठेवते' म्हणून तुम्हीच फोन ठेवा. कशासाठी हवा होता ते विचारू नका. आणि ती 'आई, आधार केंद्र कुठलं गं जवळ?' म्हणाली, तर पुण्यातल्या मावसबहिणीला फोन लावून पत्ता शोधत बसू नका. 'बघ की तूच' म्हणा.